जुन्या डिझेल जीपमध्ये ऑइल प्रेशरचा काटा निम्म्यावर आला आहे : दोष गेजचा की इंजिनाचा?

निफाडचा बागाईतदार

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे वडिलांच्या काळापासूनची एक डिझेल जीप आहे. इंजिन चार सिलिंडरांचे, २११२ सीसीचे, प्यूजोच्या रचनेचे आहे. बागेतली ये-जा, पिंपळगावच्या बाजारापर्यंतच्या फेऱ्या आणि अधूनमधून नाशिक, एवढेच काम आता तिला उरले आहे. तरी द्राक्षांच्या हंगामात तिच्यामागे ट्रॉली लागते आणि तेव्हा ती बंद पडून चालत नाही.

डॅशबोर्डावरचा ऑइल प्रेशर गेज कारखान्यातून आलेला नाही. पूर्वी नुसता लाल दिवा होता. वडिलांनी नंतर विजेवर चालणारा गेज बसवून घेतला आणि दिव्याचा स्विच होता तसाच ठेवला. गेजची तबकडी ० ते ५ किलोची (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) आहे. इतकी वर्षे रस्त्यावर काटा तीनच्या आसपास आणि तापलेले इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना एकच्या थोडा वर राहत असे. उन्हाळ्यात सेंडरमधून, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेल्या, तेलाचा दाब विजेने गेजला कळवणाऱ्या भागातून, तेल पाझरू लागले, वायरीचे टोकही तेलाने भिजलेले दिसले, म्हणून गॅरेजमध्ये नवा सेंडर टाकून घेतला. तेव्हापासून सकाळी थंड इंजिनावर काटा जेमतेम अडीचपर्यंत चढतो, रस्त्यावर दीड-पावणेदोनच्या वर जात नाही, आणि इंजिन तापल्यावर स्लोवर सोडले की शून्याच्या बाजूला येऊन रेंगाळतो. रात्री हेडलाइट लावले की तो किंचित थरथरतो, हेही नमूद करून ठेवतो.

लाल दिवा मात्र एकदाही लागलेला नाही. इंजिनाचा आवाज पूर्वीसारखाच आहे, खालून ठोके ऐकू येत नाहीत, धूर वाढलेला नाही आणि तेलाचा खपही बदललेला नाही. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की सेंडर नवा आहे, त्यामुळे तो खोटे दाखवणार नाही. प्रेशर निम्मे झाले याचा अर्थ बेअरिंगे झिजली, आता इंजिन उतरवून क्रँक (त्या बेअरिंगांत फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पाहावीच लागेल. हा खर्च ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर परवडणारा नाही. पण प्रेशर खरोखरच गेलेले असेल तर न केलेला खर्च त्याहून मोठा होईल, हेही कळते.

माझे प्रश्न दोन आहेत. इंजिन न उघडता दोष गेजचा की इंजिनाचा हे खात्रीने ठरवता येते का? आणि ते ठरेपर्यंत गाडी चालवावी का?

सातपूर टेस्टबेड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे : ठरेपर्यंत चालवू नये. प्रेशर खरोखर शून्याजवळ असेल तर भाराखालच्या बेअरिंगांची नासाडी व्हायला फार वेळ लागत नाही. आवाज येत नाही यावर विसंबू नका. बेअरिंगांचा ठोका ऐकू येऊ लागतो तेव्हा क्रँकला ग्राइंडिंग लागण्याची वेळ बहुधा आलेलीच असते.

आता लाल दिवा. तुम्ही तो साक्षीदार म्हणून उभा केला आहे, पण तो जिवंत आहे का हे तपासले आहे काय? इग्निशन चालू केल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच काही क्षणांत विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे किंवा स्विच अडकला आहे, आणि मग ‘दिवा लागला नाही’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. दिवा व्यवस्थित चालत असला तरी त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. असे स्विच सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ किलोच्या खाली प्रेशर गेले तरच दिवा लावतात. रस्त्यावर पाऊण किलोच प्रेशर मिळत असेल तरीही दिवा गप्प राहील आणि इंजिन आतून झिजत राहील.

सातपूर औद्योगिक वसाहतीत इंजिनांच्या चाचणीवर माझी नोकरी झाली. तिथे गाडीवरच्या विजेच्या गेजवर विसंबून कुणी निर्णय घेत नसे, आणि तुम्हीही घेऊ नये. सेंडर काढा, त्याच भोकात नळीसह यांत्रिक गेज लावा आणि प्रत्यक्ष मोजा. या गेजमध्ये वीज नसते, वायर नसते, अर्थिंग नसते. आत एक वाकवलेली चपटी नळी असते; जत्रेतली फुंकली की उलगडणारी पिपाणी जशी, तशी ती तेलाच्या दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि अजून तिला चांगला पर्याय निघालेला नाही. अंबड किंवा सातपूर वसाहतीत हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकाने आहेत. तिथे ० ते ७ किंवा ० ते १० किलोचा गेज, तुमच्या ब्लॉकच्या आट्यांचा अडॅप्टर आणि दाबाला टिकणारी तेलाची नळी घ्या. साधी प्लास्टिकची पारदर्शक नळी वापरू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर ती टेकली तर वितळेल आणि गरम तेल इंजिनभर उडेल.

मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. थंड तेल जाड असते, त्यामुळे सकाळी झिजलेले इंजिनही चांगले प्रेशर दाखवते. पाण्याच्या तापमानाचा काटा जागेवर आल्यावरही तेल तापायला आणखी वेळ लागतो, म्हणून इंजिन चांगले अर्धा तास चालवून मगच आकडे घ्या : एक स्लोवर आणि एक मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर. पुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा. पुस्तिका हाताशी नसेल तर दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, हा जुना ठोकताळा धरतात. तो ठोकताळाच आहे, त्यावरून इंजिन पास किंवा नापास करू नये. मात्र त्याच्याही खाली आकडा आला तर पुढची चौकशी करावीच लागते.

हे सगळे करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी कमी आहे का हे तर पाहालच, पण ती वाढली आहे का हेही पाहा. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा पंपाचे सील गेले तर डिझेल तेलात उतरते, तेल पातळ होते, पातळी वर चढते आणि प्रेशर पडते. पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करू नका.

कसारा घाट

माझ्या जुन्या गाडीचे प्रेशर असेच पडले होते. १५डब्ल्यू४० ग्रेडचे तेल काढून त्याहून जाड २०डब्ल्यू५० टाकले आणि काटा वर आला. इंजिन उघडण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहायला हरकत नसावी.

सातपूर टेस्टबेड

हरकत आहे, आणि ती उपायाच्या क्रमाबद्दल आहे. दोष कुठे आहे हे ठरण्यापूर्वी तेल जाड केले तर काटा वर येईल. पण तो झीज भरून निघाल्यामुळे आला की झिजलेल्या फटीतून जाड तेल सावकाश निसटते आहे म्हणून आला, हे कळायला मार्ग राहणार नाही. शिवाय निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जाड तेल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ घेते आणि तेवढा वेळ ते भाग कोरडे फिरतात. मोजमाप झाल्यावर, इंजिन जुने आहे पण उघडण्याइतके वाईट नाही असे ठरले आणि पुस्तिकेने त्या हवामानासाठी जाड तेलाला मुभा दिली असेल, तर तो निर्णय नंतर घेता येतो.

पंचवटीचा वायरमन

मी गाड्यांचे विजेचे काम करतो, म्हणून वायरीच्या बाजूने लिहितो. ‘सेंडर नवा आहे म्हणून तो बरोबर आहे’ हे मिस्त्रींचे वाक्य मला सर्वांत खटकले. जुना सेंडर आणि नवा सेंडर यांच्यात काय बदलले, याची चौकशी कुणीच केलेली दिसत नाही, आणि त्रास तर नेमका सेंडर बदलला त्या दिवसापासून सुरू झाला आहे.

सेंडर म्हणजे एक पडदा आणि त्याला जोडलेला बदलता रोध. तेलाचा दाब पडदा ढकलतो आणि रोध बदलतो. त्यामुळे गेजमधून जाणारा प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. पण रोधाची पद्धत सगळीकडे एक नाही. व्हीडीओ (एक जर्मन कंपनी) पद्धतीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला सुमारे १० ओहम असतात आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास. अमेरिकी पद्धतीच्या बऱ्याच सेंडरमध्ये नेमके उलटे असते : शून्याला २४०, पूर्ण दाबाला ३३. एका पद्धतीचा गेज आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडला तर काटा उलटा पळतो. तुमचा काटा थंडीत वर आणि गरमीत खाली जातो आहे, म्हणजे दिशा बरोबर आहे. तेवढी शंका वगळता येईल. मापाची शंका मात्र शिल्लक राहते.

आधी गेजची परीक्षा घ्या, ती घरी होते. इग्निशन चालू, इंजिन बंद. सेंडरवरची वायर काढून मोकळी धरा आणि काटा पाहा. मग तेच टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा आणि पुन्हा पाहा. व्हीडीओ पद्धतीत वायर मोकळी असताना काटा शेवटच्या आकड्यापलीकडे जातो आणि अर्थला टेकवल्यावर शून्याच्या खाली येतो. अमेरिकी पद्धतीत याच्या उलट होते. वायर टेकवून ठेवू नका, क्षणभर पुरे. जुन्या काही गेजमध्ये आत तापून वाकणारी द्विधातूची पट्टी असते आणि तिच्यातून जास्त वेळ पूर्ण प्रवाह गेला तर ती कायमची बिघडते. वायर काढली-टेकवली तरी काटा जागचा हलला नाही तर गेजला इग्निशनचा पुरवठा येतो का, वायर मध्येच तुटली आहे का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे लागेल.

काटा दोन्ही टोकांना गेला म्हणजे गेज हलतो एवढेच सिद्ध होते. मधले आकडे खरे दाखवतो की नाही हे अजून कळायचे असते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात त्या दुकानातून ४७, ८२, १२० आणि १८० ओहमचे एक-एक वॉटचे रोध आणा. काही रुपयांचे काम आहे. सेंडरच्या वायरीचे टोक आणि अर्थ यांच्यामध्ये एकेक रोध लावून काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. ५ बारच्या व्हीडीओ पद्धतीच्या गेजवर ४७ ला साधारण एक, ८२ ला दोन, १२० ला तीनच्या किंचित वर आणि १८० ला पाचच्या जवळ असे दिसले पाहिजे. तुमच्या गेजवर किलो लिहिले आहे. बार आणि किलो यांत दोन टक्क्यांचाच फरक असल्यामुळे या कामासाठी दोन्ही एकच समजा.

हेडलाइट लावल्यावर काटा थरथरतो हे अर्थिंगचे लक्षण आहे. या प्रकारच्या सेंडरला अर्थची वेगळी वायर नसते. तो आट्यांतून ब्लॉकला, आणि ब्लॉक जाड पट्टीने बॉडीला जोडलेला असतो. ती पट्टी चॅसिसवर जिथे बोल्टने बसते तिथे जुन्या गाड्यांत गंज आणि रंग साचलेला असतो. बोल्ट काढून पत्रा घासून उघडा करा, पुन्हा घट्ट बसवा आणि वर थोडे ग्रीस लावा. गेजच्या मागचा अर्थही पाहा, कारण नंतर बसवलेल्या गेजचा अर्थ बहुतेक वेळा डॅशबोर्डाच्या एखाद्या रंगवलेल्या स्क्रूवर भागवलेला असतो.

शेवटी, नव्या सेंडरच्या षटकोनी भागावर किंवा डब्यावर काही आकडे कोरलेले आहेत का ते वाचून इथे लिहा. अनेकदा निम्मी गोष्ट तिथेच लिहिलेली असते.

निफाडचा बागाईतदार

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

लाल दिव्याबद्दलची शंका खरी निघाली. चावी फिरवल्यावर तो लागतच नव्हता, कारण बल्ब जळलेला होता. तो कधी गेला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. नवा बल्ब टाकल्यावर दिवा चावीबरोबर लागतो आणि इंजिन सुरू झाले की लगेच विझतो. तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे, डिझेलचा वास नाही.

वायर मोकळी धरल्यावर काटा पाचच्या पलीकडे गेला आणि ब्लॉकला टेकवल्यावर शून्याच्या खाली आला. रोध लावून घेतलेले आकडेही वायरमनभाऊंनी सांगितले तसेच आले : ४७ ला एक, ८२ ला दोन, १२० ला तीनच्या जरा पुढे, १८० ला पाचला किंचित कमी. चॅसिसवरची अर्थची पट्टी उघडली तेव्हा बोल्टाखाली गंजाचा थर होता. ती साफ केल्यावर हेडलाइट लावून पाहिले, थरथर थांबली आहे. मात्र काट्याच्या पातळीत फरक पडलेला नाही.

सेंडर अवघड जागी आहे. त्यावर काय लिहिले आहे ते बाहेर काढल्याशिवाय वाचता येणार नाही. तो यांत्रिक गेज लावतानाच काढेन.

पंचवटीचा वायरमन

उत्तम. म्हणजे गेज निर्दोष आहे आणि वायरही निर्दोष आहे. आता संशय दोघांवरच उरला : सेंडर किंवा इंजिन. यांत्रिक गेज लावताना शक्य असेल तर तिहेरी जोड वापरा, म्हणजे एका तोंडाला सेंडर आणि दुसऱ्याला यांत्रिक गेज लागेल आणि दोन्ही आकडे एकाच क्षणी पाहता येतील. त्याच वेळी सेंडरची वायर काढून मल्टिमीटरने सेंडरचा रोधही मोजा. मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या टोकाला आणि दुसरी सेंडरच्या धातूच्या अंगाला लावायची. वायर जोडलेली असताना रोध मोजू नका, आकडा चुकीचा येईल.

सातपूर टेस्टबेड

त्यात एक सावधगिरी जोडतो. पितळी तिहेरी जोडावर सेंडरचा जड डबा लटकवून गाडी रस्त्यावर काढू नका. डिझेल इंजिनाच्या हादऱ्यांनी असा जोड आट्यांच्या मुळाशी तडकतो, आणि तो तुटला तर सगळे तेल काही मिनिटांत रस्त्यावर येते. रस्त्यावरची फेरी आधी करून इंजिन तापवा, जोड नंतर लावा आणि आकडे गाडी उभी असतानाच घ्या. घेऊन झाले की काढून टाका.

निफाडचा बागाईतदार

अंबडला जोड, नळी आणि ० ते १० किलोचा गेज मिळाला. दुकानदारांनी ब्लॉकच्या भोकाचे आटे पिचगेजने (आट्यांमधले अंतर मोजणाऱ्या दातेरी पट्टीने) तपासून मगच अडॅप्टर दिला. आमच्या मिस्त्रींनाही मुद्दाम बोलावून घेतले होते, म्हणजे आकडे त्यांच्यासमोरच येतील.

इंजिन पूर्ण तापलेले असताना, स्लोवर, यांत्रिक गेजवर १.२ किलो आले. त्याच वेळी डॅशबोर्डावरचा काटा अर्ध्याच्या जरा पुढे होता. साधारण २००० फेऱ्यांवर यांत्रिक गेजवर ३ किलो, डॅशबोर्डावर पावणेदोनच्या आत. सेंडरचा रोध इंजिन बंद असताना १० ओहम, स्लोवर ३५ च्या आसपास आणि २००० फेऱ्यांवर ७० च्या किंचित वर आला. आपल्याला आठवत असेल तर जुना सेंडर असताना काटा याच जागांवर, म्हणजे रस्त्यावर तीन आणि स्लोवर एकच्या वर, राहत होता.

सेंडर काढल्यावर त्याच्या अंगावर ‘१० बार’ असे कोरलेले स्पष्ट वाचता आले.

पंचवटीचा वायरमन

मग उलगडा झाला. तुमचा गेज ५ बारच्या सेंडरसाठी बनलेला आहे आणि त्याला १० बारचा सेंडर जोडला गेला आहे. दोन्ही सेंडर १० ओहमपासून सुरू होतात आणि १८० च्या आसपास संपतात. पण पहिल्याचा शेवट ५ बारला होतो आणि दुसऱ्याचा १० बारला. ३ बारला ५ बारचा सेंडर ११५ च्या जवळपास ओहम देतो, १० बारचा सेंडर सत्तरच देतो. गेजला प्रेशर कळत नाही, ओहम कळतात. सत्तर ओहम दिसल्यावर तो आपल्या तबकडीप्रमाणे पावणेदोनच्या आत काटा थांबवतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. स्लोवरचे ३५ ओहमही असेच अर्ध्याच्या पुढे वाचले गेले. सेंडरही खराब नाही. तो त्याच्या मापाने अचूक काम करतो आहे. दोन्ही वस्तू चांगल्या असून जोडी जुळलेली नाही, एवढाच सगळा बिघाड आहे. थंड इंजिनावर काटा अडीचला अडकत होता, तेव्हा प्रत्यक्षात पावणेपाचच्या आसपास प्रेशर असणार.

दुकानात सेंडर मागताना बहुतेक वेळा आटे जुळवून दिले जातात. डबा सारखाच दिसतो, टोपणही सारखेच असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. आता मागताना तीन गोष्टी सांगा : ० ते ५ बार, १० ते १८० ओहम, आणि तुमच्या ब्लॉकचे आटे. तुमचा दिव्याचा स्विच वेगळा आहे, त्यामुळे एका टोकाचा सेंडर पुरेल. दोन टोकांचा मिळाला तरी चालेल. त्यात ‘जी’ लिहिलेले टोक गेजचे आणि ‘डब्ल्यूके’ लिहिलेले टोक दिव्याचे असते. यांची अदलाबदल झाली तर काटा नीट दाखवणार नाही, म्हणून लावताना अक्षरे पाहूनच लावा.

सातपूर टेस्टबेड

इंजिनाबद्दल माझे मत देऊन ठेवतो, कारण मिस्त्री तिथे उभे होते असे आपण लिहिले आहे. तापलेल्या, इतक्या वर्षांच्या इंजिनाला स्लोवर १.२ आणि २००० फेऱ्यांवर ३ किलो मिळत असतील तर प्रेशरच्या कारणासाठी ते उतरवण्याची गरज मला दिसत नाही. मिस्त्रींचा तर्क मुळात चुकीचा नव्हता. खरे प्रेशर निम्मे झाले असते तर बेअरिंगांची झीज, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेत) अडकलेला कचरा किंवा संपमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) चोंदलेली जाळी, यांपैकी काहीतरी शोधावेच लागले असते. आणि त्यातही मी आधी व्हॉल्व्ह आणि जाळी पाहायला सांगितले असते, क्रँक शेवटी. फक्त प्रेशर खरोखर निम्मे झाले आहे का, हे मोजायचे राहून गेले होते. आता हे दोन आकडे तारखेसह आणि तेलाच्या ग्रेडसह गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढे कधी काटा खाली आला तर तुलनेला तेच उपयोगी पडतील.

ओझर रोड

थोडा वेगळा प्रश्न विचारतो, विषय हाच आहे. माझ्या गाडीच्या भोकाला एक दुकानदार १/८ एनपीटी (अमेरिकी मापाचे आटे) म्हणतो आणि दुसरा १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचे). दोन्ही सेंडर दोन-तीन आटे हाताने सहज जातात. टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट केले तर चालेल का?

पंचवटीचा वायरमन

चालणार नाही. १/८ एनपीटीला एका इंचात २७ आटे असतात आणि १/८ बीएसपीला २८. शिवाय आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. म्हणूनच पहिले दोन-तीन आटे फसवतात आणि पुढे पान्याचा जोर लागू लागतो. तसाच जोर केला तर ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमधले आटे खराब होतील किंवा सेंडरचा पितळी गळा तुटून भोकात राहील, आणि तो काढणे हे सेंडर बदलण्यापेक्षा कितीतरी कटकटीचे काम आहे. जुना सेंडर जपून ठेवला असेल तर तो घेऊन जा आणि पिचगेज लावून ठरवा. काही ब्लॉकना एम१० बाय १ चे (१० मिमी व्यास, १ मिमी अंतर) मेट्रिक आटेही असतात आणि तेही डोळ्यांना जवळपास तसेच दिसतात.

टेपचा दुसराही तोटा आहे. या सेंडरचा अर्थ आट्यांमधूनच जातो. टेप जाड गुंडाळली तर तो अर्थ कच्चा होतो, रोध वाढतो आणि या पद्धतीच्या गेजवर काटा खऱ्यापेक्षा वर दिसू लागतो, म्हणजे प्रेशर कमी असताना चांगले दिसते. टेपचा सुटलेला तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर तो त्रास वेगळाच. निमुळत्या आट्यांना पातळ थराचे द्रव सीलंट पहिला आटा सोडून लावावे, आणि सरळ मेट्रिक आट्यांखाली नवा तांब्याचा वॉशर टाकावा. बसवून झाल्यावर मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून रोध पाहा. मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा दिसतो, जवळजवळ तोच आला पाहिजे.

निफाडचा बागाईतदार

० ते ५ बारचा सेंडर नाशिकमध्ये एका दुकानात शिल्लक होता, तो आणून बसवला. अर्थ वरीलप्रमाणे तपासला. तापलेल्या इंजिनावर, स्लोवर, काटा एकच्या पुढे उभा आहे आणि रस्त्यावर तीनला. १० बारचा सेंडर दुकानदारांनी परत घेतला नाही. तो कुणाच्या १० बारच्या गेजला हवा असल्यास निरोप पाठवावा. आटे एम१० बाय १ चे आहेत.